चुलीवर टांगलेली कोसरी

चंद्रपूरला ऐन उन्हाळ्यात कोणी जातं का, असं साताऱ्यात मला ज्यानं त्यानं विचारलं होतं. त्या सगळ्यांचं बरोबर होतं, हे मी चंद्रपूरच्या स्टेशनवर पाय ठेवल्याबरोबर मनातल्या मनात कबूल केलं. सकाळच होती, तरी फलाटावरचा लोखंडी बाक बसू देईना. न्यायला आलेल्या माझ्या भाचीनं, उज्ज्वलानं, माझ्या हातात पाण्याची बाटली आणि एक कांदा ठेवला. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही म्हणे. मला खिसा नाही, म्हणून मी तो कमरेला खोचला आणि चार दिवस तसाच वागवला. त्यानं ऊन अडलं की नाही ते देव जाणे, पण माझ्या साड्यांना अजून वास येतो.

उज्ज्वला तिथल्या कॉलेजात शिकवते आणि सुट्टी मिळाली की ‘गावचं ताट’ नावाच्या मोहिमेत फिरते. लोकांनी आपल्या मातीतलं, आपल्या रानातलं खावं, म्हणून हौसेनं एकत्र आलेल्या पाचसात जणांची ही मोहीम. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. साताऱ्यात खाणावळ चालवण्यात माझा जन्म गेला. माणसानं काय खावं हे सांगत फिरणाऱ्यांचा मला मुळातच राग आहे. ‘मावशी, तेल कमी घाला’ असं ऐकवून जाणारी गिऱ्हाइकं संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडे हाणताना मी पाहिली आहेत. तेव्हा गेले ती भाचीसाठी गेले. मोहीम आपली तोंडी लावायला.

सावली

सावली हे भातशेतीतलं तालुक्याचं गाव. वैनगंगा जवळ, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे आमच्याकडची भातखाचरं. आम्ही गेलो तेव्हा त्या कापून मोकळ्या पडल्या होत्या आणि त्यांत गुरं हिंडत होती. मोहीम सुरू करणाऱ्या सुनंदाबाई इथल्याच. शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत मशीन, मागे चूल आणि गॅस दोन्ही, आणि बाई इतक्या बुटक्या नि चपळ की बोलता बोलता कधी मशीनवरून चुलीपाशी गेल्या ते कळायचं नाही.

मी उंबऱ्यातच विचारलं, “काय हो, तुम्ही लोकांना भाषणं देता म्हणे?”

“भाषण मले येतच नाई जी,” त्या म्हणाल्या. “आमी रांधतो न वाढतो. बसा, पाय धुवा आधी.”

त्यांची सुरुवात एका लग्नाच्या पंगतीत झाली. गावातलंच लग्न, पण ताटातलं सगळं पुड्यांतून आलेलं. सोयाबीनच्या वड्यांची लालभडक भाजी, रंगवलेला भात, बाटलीतलं सरबत. सुनंदाबाईंनी सहज शेजारणीला विचारलं की यातलं आपल्या गावचं काय आहे, आणि दोघींनी ताट न्याहाळून पाहिलं तर फक्त हात धुवायचं पाणी. तेव्हापासून त्यांनी एक पद्धत बसवली. ज्या गावात बोलावणं येईल तिथं जायचं, त्या गावच्या शेतात, परसात, रानात जे असेल तेच रांधायचं. विकत आणायचं ते फक्त मीठ. गावाला एका पंगतीत बसवायचं आणि जेवण झालं की एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय पुढच्या साली ताटात राहायला पाहिजे? गाव जे ठरवील ते ठरवील. त्यावर ह्यांनी काही बोलायचं नाही.

मला हे आवडलं. रागावायला काही सापडेना म्हणून थोडी चिडचिडही झाली. रात्री त्यांनी ज्वारीची भाकर, वाळवलेल्या अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. आमच्याकडे चटणी म्हणजे शेंगदाण्याची, फार तर कारळ्याची. जवस मला आजवर औषधासारखाच वाटायचा. ही चटणी मी तीनदा मागून घेतली. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशा सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, “रडता काऊन बाई? ताक घ्या न.” सातारकरणीला तिखटावरून कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रात्री त्यांनी दुसऱ्या दिवसाची काळजी बोलून दाखवली. आजवर त्यांच्या पंगती धानपट्ट्यातल्याच गावांत झाल्या होत्या. जंगलातल्या गोंड गावानं बोलावण्याची ही पहिलीच वेळ. बोलावणारी होती कमला, धानोऱ्याच्या पलीकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, सून. धानोऱ्याच्या बाजारात मोहाची फुलं विकताना तिची आणि सुनंदाबाईंची ओळख झालेली.

“तिनं मोठ्या हिमतीनं बोलावलं आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्यानं काई चुकलं तर आपण जीपमधी बसून निघून येऊ. तिले तिथीच राहाचं आहे.”

धानोऱ्याच्या पुढे

वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोली मागे पडली आणि मग दोन्ही बाजूंनी रान सुरू झालं. मी कोयनेच्या बाजूचं जंगल पाहिलेलं, तिथं झाडं डोंगराला धरून उभी असतात. इथं सपाटीवर, नजर जाईल तिथवर, कोणाची पर्वा नसल्यासारखी उभी. धानोऱ्यात आम्ही मीठ घेतलं. नियमाप्रमाणे तेवढंच. मी गुपचूप जिऱ्याची पुडी घ्यायला गेले तर उज्ज्वलानं माझा हात धरून मला जीपकडे आणलं.

टोल्यावर पोचलो तर दारोदार अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. गोड, आंबूस, जरा डोक्यात जाणारा वास. सारवलेली अंगणं इतकी स्वच्छ, की माझ्या खाणावळीतली फरशी मला आठवली आणि मी तो विषय मनातून काढून टाकला. माणसं मात्र दिसेनात. मोहाचा हंगाम उतरत आला होता, उरलीसुरली फुलं वेचायला सगळी रानात गेलेली.

कमला घरी थांबली होती. तिशीची असेल. आल्या आल्या तिनं आम्हाला आत नेलं आणि चुलीच्या वर बोट दाखवलं. तिथं पळसाच्या पानांत गुंडाळून वेलीनं घट्ट बांधलेला, धुरानं काळा पडलेला, नारळाएवढा एक गोळा टांगलेला होता.

“हे कोसरीचं बी,” ती म्हणाली. “गावात आता एवढंच आहे.”

कोसरी म्हणजे आपल्या वरीची सख्खी बहीण. तसंच बारीक भरड धान्य. पूर्वी इथं उतारावरच्या प्रत्येक तुकड्यात ती पेरत. मग स्वस्त तांदूळ आला, कोसरी कांडायचा कंटाळा आला आणि एकेक घर सोडत गेलं. राहिली एकटी कमलाची सासू, जुरीबाई. आता अडचण अशी, की सगळ्या शिवारात एकच तुकडा कोसरीचा असला की रानातले झाडून सगळे पक्षी आणि डुकरं तिथंच येतात. जुरीबाई पीक तयार व्हायला लागल्यापासून कापणीपर्यंत मचाणावर बसून रात्ररात्र डबा वाजवते, आणि इतकं करून हाती येतं ते बियाण्यापुरतं नि वर थोडंसं.

“सासू म्हणते, या साली आता नाई होत,” कमला म्हणाली. “कोणी संगं पेरलं तर ठीक. नाई तर बी रांधून खाऊन टाकीन म्हणते. मले वाटलं, लोकायले एकदा पंगतीत कोसरी खाऊ घालू. जीभ आठवण करून देते न बाई. गायत्यानं पंगतीले हाव म्हटलं, ते बी मी तीनदा जाऊन विचारलं तवा.” गायता म्हणजे गावाचा पुजारी आणि वडीलधारा. त्यानं हात लावल्याशिवाय इथं पंगत सुरू होत नाही.

पंगतीसाठी जुरीबाईनं खायची म्हणून ठेवलेली सगळी कोसरी काढून दिली होती आणि कमलानं ती आदल्या दिवशी कांडून ठेवली होती. ती आमच्या ताब्यात देऊन कमला वरच्या टोल्यावर माणसांना बोलवायला गेली.

आता तिथं स्वयंपाकात मीच सगळ्यांत जुनी, त्यामुळे पळी आपोआप माझ्या हातात आली. कोसरी आणि तूर एकत्र शिजवून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, खिचडी करायची ठरली, म्हणजे शंभर जिभांना एकच चव पोचेल. शिजली छान. दाणा मोकळा आणि मऊ, वास असा की मला पहिल्यांदाच ह्या मोहिमेबद्दल खरंखुरं प्रेम वाटलं. पण चवीला काहीतरी कमी होतं. “आंबट हवं थोडं,” मी म्हणाले. चिंच गावात झाली होती, पण व्यापारी कधीच घेऊन गेला होता, आणि विकतची चालणार नव्हती.

सुनंदाबाईंनी अंगणात पाहिलं. घरामागे आंब्याचं झाड कैऱ्यांनी लगडलेलं. पलीकडच्या घरामागे तसंच. त्या पलीकडेही तसंच.

“पाहा न, कोणी हात बी नाई लावला,” त्या हरखून म्हणाल्या. “बाजारची चिंच आठवते, पण घरची कैरी नाई आठवत लोकायले.”

त्यांनी काठीनं टोपलीभर कैऱ्या पाडल्या, उज्ज्वलानं सोलल्या आणि मी किसून सगळ्या गंजात घातल्या. आमच्या नियमात ते अगदी चपखल बसत होतं. चव तर अशी जमली, की मी सगळ्यांना बोटानं चाखायला लावली.

ऊन कलल्यावर माणसं आली. बायका डोक्यावरच्या टोपल्या उतरवून बसल्या, पुरुष समोरच्या रांगेत. कोणी गडबड करेना, कोणी जागेसाठी भांडेना. पोरंसुद्धा मांडी घालून बसलेली. आमच्या लग्नांतली बुफेची ढकलाढकल आठवून मला भरूनच आलं. पानांच्या पत्रावळी मांडल्या, मी स्वतः वाढलं. जुरीबाई शेवटी आली. वाळलेली, ताठ, कपाळावर आणि हातांवर गोंदण. तिनं माझ्याकडे पाहिलं, पत्रावळीकडे पाहिलं आणि ओटीच्या कडेला बसली.

सगळे गायत्याकडे बघत होते. त्यानं घास उचलला, नाकाशी नेला, थांबला आणि परत पत्रावळीत ठेवला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. रांगेतला एकही हात पुढे झाला नाही.

“आंबा टाकला काय?” त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

 माणसांबरोबर परतलेल्या कमलानं आमच्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

गायता आम्हाला समजेल अशा मराठीत, सावकाश बोलला. “आमचा आंब्याचा पंडुम नाई झाला अजून. पंडुम म्हणजे आमचा नवं खायचा सण. आधी देवाले, आधी मेलेल्या आमच्या म्हाताऱ्यायले, मग आमाले. तोवर आमी आंबा तोडत बी नाई. तुमी खा बाई. तुमाले नाई माईत, तुमच्यावर बंधन नाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ती सगळी झाडं का लगडलेली होती. हात लावला नव्हता तो आळसानं नव्हे. अख्खं गाव, पोरासोरांसकट, हाताशी लोंबणारी कैरी बघत सणाची वाट पाहात होतं. आमच्याकडे मोहोर गळून बाळकैरी धरली की दगड मारायला सुरुवात होते, आणि पिकायला झाडावर उरतंय काय हे बघायला मग कोणी नसतं. नैवेद्य आम्हीही दाखवतो, पण देवासाठी झाडाला थांबू द्यावं हे आम्हाला कधी सुचलेलं नाही. ज्यांना आम्ही त्यांच्याच अन्नाची आठवण करून द्यायला आलो होतो, त्यांच्या पंगतीतच आम्ही ते बाटवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनंदाबाई उठल्या. पदर पुढून घेतला आणि पंगतीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “आंबा मी तोडला. कमला इथी नव्हती, तिले काई माईत नाई. दंड काय तो मले सांगा. न तुमच्या गावात तुमी जे खात नाई, ते आमी बी नाई खाणार.”

माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, पण त्या वाक्याबरोबर माझीही भूक कुठल्या कुठे गेली. आणि ही बाई भाषण येत नाही म्हणत होती.

गंजातली खिचडी तशीच होती. कोसरी संपली होती, आमची पंगत संपली होती, आणि विचारायचा तो एकच प्रश्न आता कुठल्या तोंडानं विचारणार? माणसं उठण्याच्या बेतात आली. कमला खांबाला धरून उभी होती. तिच्याशी कोणी वाईट बोललं नाही, पण तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

तेवढ्यात जुरीबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो काळा गोळा होता. तिनं वेल सोडली, पानं उलगडली आणि बी सुपात ओतलं. ते सूप तिनं माझ्यापुढे धरलं, कारण पळी अजून माझ्याच हातात होती. गोंडीत काहीतरी म्हणाली.

“कांडून रांधा म्हणते,” कमला म्हणाली. “पावणे आंगणातून उपाशी जात नाई. घरात दुसरी कोसरी नाई म्हणते.”

मी आयुष्यात हजारो माणसांना जेवू घातलं. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून उद्याचं पीठ आज मळलं, असंही केलं आहे. पण पेरायचं बी कोणी माझ्यापुढे असं धरलं नव्हतं. त्या बाईच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना नाटक. दारी आलेलं माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं, आणि त्यासाठी जवळ होतं ते तिनं काढलं होतं. माझ्यानं हात पुढे करवेना. मी पळी खाली ठेवली आणि रडायला लागले. लाज वाटली नाही.

गायता ताडकन उठला आणि त्यानं सुपावर दोन्ही हात पालथे ठेवले. मग जे काही बोलणं झालं ते सगळं गोंडीत, सगळे एकदम. कमला उज्ज्वलाच्या कानाशी लागून सांगत होती आणि उज्ज्वला मला. बायका म्हणत होत्या, बी चुलीत घालू नको. जुरीबाई म्हणत होती, मग काय करू, घरात टांगून किडू देऊ? एकीनं सांगितलं, पाहुण्यांचं आम्ही बघतो. जुरीबाईनं विचारलं, पाहुण्यांचं बघाल, शेताचं कोण बघेल? 

मग वरच्या टोल्यावरची एक बाई उठली आणि तिनं सुपापुढे पदर पसरला. माझा तुकडा तुझ्या तुकड्याला लागून आहे, मी पेरते, म्हणाली. गायत्यानं तिच्या पदरात मूठभर बी घातलं. दुसरी उठली. तिचा नवरा मागून म्हणाला, “कांडेल कोण?” ती वळून म्हणाली, “तू.” पहिल्यांदा सगळी पंगत हसली. मग बायका रांगेनं येऊ लागल्या. गायत्यानं शेवटी स्वतःचा पंचा पुढे केला, आणि त्याच्या पंच्यात बी जुरीबाईनं घातलं. सुनंदाबाईंचा दंड त्यानं तिथंच सांगितला: पंडुमाला यायचं, आणि तोवर आंब्याला तोंड लावायचं नाही. तिघींनीही. सुनंदाबाईंनी मान डोलावली. आम्हीही.

तोपर्यंत घराघरांतून जेवण येऊ लागलं होतं. कोणी आंबील आणली, कोणी भात, कोणी भाजून कुटलेली मोहाची फुलं, कोणी लाल मुंग्यांची चटणी. ती चटणी मी खाल्ली. आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. लिंबाच्या सालीसारखी आंबट लागते. खिचडीला जे आंबट हवं होतं ते इथं पहिल्यापासून होतं, फक्त विचारायला हवं होतं.

सुपात आता तळाशी मूठभर बी उरलं होतं, जुरीबाईच्या वाट्याचं. इतरांना मिळालं तेवढंच. तिनं ते नव्या पानात गुंडाळलं. मला एकदम धास्ती वाटली. सगळं बी वाटून मोकळी झाली, आता हिच्या हाती राहिलं काय? मी कमलाला म्हटलं, “विचार ना त्यांना, एवढं सगळं दिलंत, काही वाटत नाही का?”

कमलानं विचारलं. जुरीबाई जेवणाऱ्या माणसांकडे बघत होती, वरच्या टोल्याच्या बाईकडे, तिच्या नवऱ्याकडे, गायत्याकडे. बघता बघता दोन शब्द बोलली आणि भिंतीला पाठ टेकून तिनं पाय लांब केले.

“सासू म्हणते,” कमला म्हणाली, “या साली मी झोपीन.”